दिवाळीनंतरच्या सत्रात गावातल्या प्राथमिक शाळेचे खेळ आणि उपक्रम कसे आखावेत

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की मैदानासाठी अनुकूल असे जेमतेम तीन महिने शाळेच्या हाती येतात. सोलापूर जिल्ह्यात पावसाळ्यात काळ्या रानाशेजारची मैदाने पायाला चिकटतात, परतीच्या पावसानंतर गवत माजते आणि फेब्रुवारी सरता सरता ऊन असे तापते की अकरानंतर मुलांना बाहेर उभे करणेही योग्य नसते. म्हणून खेळांचे नियोजन नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पूर्ण व्हावे. पुढील मार्गदर्शन पहिली ते पाचवीपर्यंतच्या, पन्नास-साठ पटाच्या, दोन-तीन शिक्षकांच्या आणि स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसलेल्या जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

आखणीला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: पटावरचे प्रत्येक मूल आठवड्यातून किमान तीन दिवस घाम येईपर्यंत खेळले पाहिजे. काही वर्षांपूर्वी केंद्रस्तरीय, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, स्पर्धेसाठी खो-खोचा संघ तयार करताना मी याच ठिकाणी चुकलो. तिसरीतली एक मुलगी रोज कडुनिंबाखाली बसून खेळणाऱ्यांच्या चपला जोडीने लावून ठेवत असे आणि मी तिला शहाणी म्हणून शाबासकी देत असे. महिना उलटून गेल्यावर माझ्या ध्यानात आले की त्या सत्रात तिने मैदानात एकदाही पाऊल टाकलेले नव्हते. संघ बीटपर्यंत, म्हणजे केंद्राच्या वरच्या पातळीपर्यंत, गेला, याचा आनंद त्या दिवसापासून मला पूर्णपणे घेता आला नाही.

पहिली पायरी: सत्राचा कागद

एका मोठ्या कार्डशीटवर नोव्हेंबर ते एप्रिल असे आठवडे आखून घ्यावेत आणि त्यांत आधी खेळता येणार नाही असे दिवस भरावेत. सुट्ट्या, चाचण्या आणि शिष्यवृत्तीची परीक्षा यांची नोंद सगळेच करतात. गावाचे स्वतःचे वेळापत्रक मात्र अनेकदा राहून जाते. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडणीमुळे काही मुले गावाबाहेर जातात, तर बाहेरून आलेल्या टोळ्यांची मुले फडाजवळच्या शाळेत येऊन बसतात. ज्वारी काढणीला आली की मोठी मुले, विशेषतः मुली, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबतात. मंगळवेढ्याच्या बाजूला हे दिवस ठळकपणे जाणवतात. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, भरतो. त्या दोन-तीन दिवसांत शहराजवळच्या गावांतील हजेरी निम्म्यावर येते. या दिवसांत सामने ठेवले तर ज्यांना यात्रेला जायचे आहे त्यांचे मन दोन्हीकडे ओढले जाते, म्हणून ते दिवस मोकळेच सोडावेत.

त्यानंतर ठरलेल्या तारखा लिहाव्यात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती येते. १२ जानेवारी हा सोलापूरचा हुतात्मा दिन आहे. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी देण्यात आले. १५ जानेवारी हा खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारा हा मल्ल कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा होता, एवढे परिपाठात सांगितले तरी मुलांचे डोळे चमकतात, कारण खेडेगाव म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असते. केंद्र आणि बीट पातळीवरील स्पर्धांच्या तारखा परिपत्रक आल्यावरच नक्की होतात. त्यांच्यासाठी डिसेंबर-जानेवारीत पेन्सिलीने जागा राखून ठेवावी.

शाळेचा स्वतःचा क्रीडा सप्ताह मी २६ जानेवारीच्या आधीच्या आठवड्यात ठेवण्याच्या मताचा आहे. ध्वजवंदनाला गाव आपण होऊन शाळेत येते, त्यामुळे अंतिम सामन्यांसाठी वेगळी निमंत्रणे द्यावी लागत नाहीत आणि मजुरीवर जाणाऱ्या आईवडिलांचा आणखी एक रोज बुडत नाही.

दुसरी पायरी: मैदान

मैदान आधी चालून पाहावे, तेही मुलांना सोबत घेऊन. आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे सराटे. गवत उपटून झाले, झाडू मारून झाला, तरी ते मातीत दबून राहतात आणि अनवाणी पायात नेमके टाचेत घुसतात. यावर गावातल्याच एका आजोबांनी दाखवलेला उपाय आम्ही दर वर्षी करतो. जुने गोणपाट भिजवून त्यावर दोन विटा ठेवायच्या, दोन्ही टोकांना सुतळी बांधायची आणि दोघांनी ते जमिनीलगत सावकाश ओढत न्यायचे. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्यावर गोणपाट उलटे केले की त्याला चिकटलेल्या सराट्यांनी ते काळपट दिसते. ते काटे एका पत्र्यावर झटकून जाळावेत आणि गोणपाट पुन्हा भिजवावे. तीन-चार फेऱ्यांत मैदान अनवाणी पायांना चालेल असे होते. ओढणारे अर्थातच चपला घालून असावेत.

खड्डे मुरूम टाकून भरावेत, पाणी मारून चोपावेत. काचा, तारांचे तुकडे आणि कुंपणातून आलेल्या बाभळीच्या फांद्या वेचून काढाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे काम मांडल्यास ट्रॅक्टरभर मुरूम कोणी ना कोणी देतेच. पैशांची मागणी करण्यापेक्षा अशी नेमकी वस्तू सांगणे सोपे जाते.

आता आखणी. खो-खोचे मोठ्यांचे मैदान २७ बाय १६ मीटरचे असते, परंतु तिसरी-चौथीच्या मुलांना ते अंगावर येते. मी त्यांच्यासाठी २० बाय १२ मीटरचे मैदान आखतो आणि दोन खांबांत १८ मीटर अंतर ठेवतो. १८ मीटर लांबीची दोरी घेऊन तिला दर दोन मीटरवर गाठ मारली की मधल्या आठ गाठी म्हणजे बसणाऱ्यांच्या आठ जागा मिळतात, मोजपट्टी पुन्हा पुन्हा लावावी लागत नाही आणि पाढाही होतो. कोपरा काटकोनात येण्यासाठी एका बाजूला ३ मीटरवर आणि दुसऱ्या बाजूला ४ मीटरवर खुंटी ठोकावी. दोन खुंट्यांमधील अंतर बरोबर ५ मीटर भरले तर कोपरा सरळ आहे. चौथी-पाचवीच्या मुलांच्या हाती दोरी देऊन हे काम गणिताच्या तासालाच करून घ्यावे. कबड्डीचे मैदान लहान गटासाठी ११ बाय ८ मीटरचे असते. त्याची जमीन खो-खोपेक्षा मऊ हवी, म्हणून तिथली माती वीतभर खणून, चाळून, खडे काढून परत पसरावी. रेषा फक्कीने माराव्यात. फक्की टाकताना मुलांना वाऱ्याच्या दिशेला उभे राहू देऊ नये, कारण ती डोळ्यांत गेली तर जोरात चुरचुरते.

तिसरी पायरी: साहित्य

समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. एवढ्या रकमेत महागडे क्रिकेटचे किट घेऊन ते कपाटात ठेवण्यापेक्षा दहा-बारा उड्यांच्या दोऱ्या, सहा रबरी चेंडू, दोन डॉजबॉल, रस्सीखेचीचा एक जाड दोर, शिट्टी, मोजपट्टी आणि प्रथमोपचार पेटी घ्यावी. क्रिकेटमध्ये एक खेळतो, एक टाकतो आणि वीस जण उभे राहतात. एवढ्या एका कारणासाठी शाळेच्या वेळेत मी ते घेत नाही. लगोरीसाठी फुटक्या कौलाचे तुकडे कडा घासून वापरावेत. खो-खोचे खांब गावातला सुतार करून देतो. त्यांची जमिनीवरची उंची १२० ते १२५ सेंटीमीटर असावी, ते गोल व गुळगुळीत असावेत आणि त्यांवर खिळा किंवा टोकदार कड राहू नये.

चौथी पायरी: आठवड्याचे वेळापत्रक आणि गट

इयत्तेनुसार संघ पाडू नयेत. सगळ्या मुलांची उंची पाहून त्यांना ओळीत उभे करावे, क्रमाने एक, दोन, तीन, चार असे अंक द्यावेत आणि सारख्या अंकांचा एक गट करावा. म्हणजे प्रत्येक गटात लहान-मोठी मुले आणि मुली सारख्या प्रमाणात येतात. गटांना गावाजवळच्या नद्यांची नावे द्यावीत: भीमा, सीना, नीरा, माण. गटप्रमुख दर पंधरवड्याला बदलावा, त्यातही एकदा मुलगा आणि एकदा मुलगी असे ठेवावे. टोळ्यांबरोबर आलेली मुले आठवडाभर नुसती पाहत बसू नयेत, यासाठी त्यांना आल्या दिवशीच गट द्यावा.

आठवड्यातून तीन दिवस शेवटचा पाऊण तास मैदानाचा असावा आणि शनिवारची सकाळ पूर्ण. राज्यात २०२४ पासून आनंददायी शनिवार हा उपक्रम सुरू झाल्यामुळे या सकाळीला आता कागदोपत्रीही आधार आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना बाद होण्याचे खेळ शक्यतो देऊ नयेत, कारण जे मूल सर्वांत आधी बाद होते त्यालाच खेळण्याची सर्वांत जास्त गरज असते. त्यांच्यासाठी शिवाशिवी, लंगडी, दोरीवरच्या उड्या, डोक्यावर पुस्तक ठेवून चालणे आणि चेंडू फेकून झेलणे एवढे पुरेसे आहे. दिव्यांग मुलाला गुण लिहायला बसवून आपली जबाबदारी संपत नाही. चालण्यास अडचण असलेले मूल नेमबाजीचा चेंडू, बसून खेळायचा झेल किंवा लगोरीचा नेम यांत बरोबरीने खेळू शकते, म्हणून त्याच्या गटाच्या तासाला असा एक खेळ हमखास ठेवावा.

पाचवी पायरी: खो-खो शिकवणे

हा खेळ थोडा सविस्तर सांगतो, कारण त्याला साहित्य जवळजवळ लागत नाही आणि तो बहुतेक ठिकाणी घाईने शिकवला जातो. नियम फळ्यावर लिहून सांगू नयेत. अक्कलकोटकडे घरी कन्नड बोलणारी मुले असतात. त्यांनाच काय, कोणत्याही मुलाला हा खेळ करून दाखवल्यावरच कळतो.

पहिला आठवडा फक्त बसण्या-उठण्याचा. आठ जण ओळीत, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून, उकिडवे बसतात; एक पाय किंचित पुढे, दोन्ही हातांची बोटे जमिनीला टेकलेली. शिट्टी झाली की हात न रेटता, पुढच्या पायावर जोर देऊन उठायचे आणि तीन पावले धावायचे. टाचा टेकवून बसणारे मूल उशिरा उठते, हे त्याला शेजाऱ्याशी तुलना करून दाखवावे. दुसऱ्या आठवड्यात खो द्यायला शिकवावे: पाठीमागून, पाठीला हात लावून, मोठ्याने ‘खो’ म्हणून. आधी हात आणि मग आवाज, किंवा नुसताच आवाज, अशा सवयी लागल्या की पुढे मोडत नाहीत, म्हणून इथे वेळ द्यावा. तिसऱ्या आठवड्यात दिशेचा नियम घ्यावा. पाठलाग करणाऱ्याने मधली रेषा ओलांडायची नाही आणि एकदा दिशा पकडली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही. हे कळण्यासाठी प्रथम पळणारा गडी न ठेवता एकट्यानेच खांबाला वळसा घालण्याचा सराव करावा. त्यानंतर पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत सोडावेत. लहान मुलांसाठी एक डाव चार मिनिटांचा पुरतो, आणि डाव संपताच बसलेले व पळणारे बदलावेत.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. अंतिम सामन्याची दहा मिनिटे मुलांना मोबाइलवर दाखवावीत. खांबाजवळचे वळण आणि सूर मारणे त्यांना शब्दांपेक्षा लवकर उमगते. सूर मारायला मात्र या वयात शिकवू नये.

सहावी पायरी: खेळाखेरीजचे उपक्रम

इथे मोह आवरावा. सत्रात चार उपक्रम नीट झाले तरी खूप झाले. परसबागेत नोव्हेंबरमध्ये मेथी, पालक आणि कोथिंबीर टाकली तर महिन्या-दीड महिन्यात ती पोषण आहाराच्या पातेल्यात पडते. हात धुण्याच्या नळाचे पाणी चर काढून तिकडे वळवावे. बाल आनंद बाजार हुरड्याच्या दिवसांत भरवावा, म्हणजे मुलांना घरचा हुरडा, शेंगा, बोरे, शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकायला आणता येते. भांडवल किती, विक्री किती आणि नफा किती हे मुलांनी स्वतः वहीत लिहावे; शिक्षकाने ते फक्त तपासावे. भित्तिपत्रकाचा एक अंक हुतात्मा दिनासाठी राखावा. लेझीम असेल तर सराव क्रीडा सप्ताहापूर्वी सहा आठवडे सुरू करावा, आणि हलगीला गावातलाच जाणकार बोलवावा, कारण ध्वनिफितीवर धरलेला ठेका मुलांच्या पायांत उतरत नाही.

सातवी पायरी: पाणी, जखमा आणि शब्द

खेळापूर्वी आणि खेळानंतर प्रत्येक मुलाने पाणी प्यायले आहे हे गटप्रमुखाने पाहावे. रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर लगेच खेळवू नये. आहारानंतर निदान तासभर जाऊ द्यावा. खरचटले तर जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी. माती किंवा हळद लावू देऊ नये. हात-पाय वाकडा दिसत असल्यास तो ओढून सरळ करण्याचा प्रयत्न न करता पट्टीचा आधार देऊन दवाखान्यात न्यावे आणि गरज पडल्यास १०८ वर फोन करावा. पालकांचे क्रमांक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावेत.

हरलेल्या मुलाला सर्वांसमोर बोलणे, उशिरा येणाऱ्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे या गोष्टी पूर्णपणे टाळाव्यात. शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई केलेली आहे, आणि शिक्षा म्हणून धावलेले मूल पुढे आनंदाने धावत नाही.

क्रीडा सप्ताह आणि नोंदी

सप्ताहात प्रत्येक मुलाने किमान दोन खेळांत उतरावे असा नियम करावा आणि त्यासाठी पटाच्या यादीसमोर दोन रकाने आखावेत. गुण गटाला द्यावेत, म्हणजे लंगडीत शेवटून दुसरा आलेलाही आपल्या भीमेसाठी किंवा सीनेसाठी काहीतरी आणतो. पालकांसाठी एक रस्सीखेच आणि आयांसाठी एक संगीत खुर्ची ठेवावी. त्या वेळी मुले जे ओरडतात ते गावाला वर्षभर आठवते.

रोजच्या नोंदीसाठी एक वही पुरेशी आहे. तिच्यात आज कोण खेळले नाही, एवढीच नावे लिहावीत. एखादे नाव सलग तीनदा आले की त्या मुलाशी मैदानाबाहेर, एकट्याने बोलावे. कधी चप्पल तुटलेली असते, कधी अंगात ताप असतो, कधी मोठी मुले खेळात घेत नसतात. चपला लावणाऱ्या त्या मुलीला मी पुढच्या सत्रात असेच विचारले, तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, माझं नाव कुणी घेतलंच नाही.”

मार्चमध्ये शाळा सकाळची झाली की मैदानाचा वेळ पहिल्या तासाला घ्यावा. एप्रिलअखेर दोर उन्हात वाळवून, खांबांना तेलाचा हात देऊन आणि तुटलेल्या वस्तूंची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून सर्व साहित्य पेटीत ठेवावे. जूनमध्ये समितीची पहिली बैठक होते तेव्हा हेच पान पुढे करता येते.