कासदाहात इंजेक्शनच्या आधी दुधाचा नमुना कसा घ्यावा

म्हशीची कास सुजली आणि सडातून गुठळ्या येऊ लागल्या, की भिवंडी-शहापूरकडच्या तबेल्यांत पहिला हात जातो तो मागच्या वेळच्या उरलेल्या इंजेक्शनकडे. तो हात दहा मिनिटे थांबवावा, कारण औषध अंगात गेल्यावर घेतलेल्या दुधात जंतू बहुधा वाढत नाहीत आणि कोणते औषध लागू पडेल, हे सांगणारी तपासणी वाया जाते.

कास ओली असताना नमुना घेऊ नये; ओघळणारे पाणी शेणातले जंतू थेट बाटलीत आणते. हात साबणाने धुवावेत, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात सोडाव्यात आणि सडाचे टोक ७० टक्के स्पिरिटच्या कापसाने, कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसावे. पुसताना पलीकडचे सड आधी घ्यावेत, धार काढताना मात्र जवळचे आधी, म्हणजे पुसलेल्या सडाला आपलाच हात घासत नाही. स्पिरिट वाळल्यावर निर्जंतुक बाटली तिरपी धरून पाच ते दहा मिलिलिटर दूध घ्यावे. उभ्या बाटलीत कासेवरचे केस आणि धूळ पडते. कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, सड, तारीख आणि आधी दिलेले औषध शिसपेन्सिलीने लिहावे, कारण बर्फाच्या पाण्याने शाई पुसली जाते. नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा.

तेथे जंतू पसरलेल्या थाळीवर औषधांच्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीच्या, जंतू न वाढलेल्या मोकळ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तो ठरलेल्या मापाशी ताडतात. नुसते वर्तुळ दिसले म्हणून औषध चालेलच, असे नव्हे.

असे निकाल वर्षानुवर्षे एकत्र ठेवण्याला माझ्या मते उपचाराइतकेच मोल आहे. जनावरांना आणि माणसांना दिली जाणारी अनेक प्रतिजैविके एकाच कुळातली असतात आणि प्रतिरोधक, म्हणजे औषधाला दाद न देणारे, जंतू शेणखत, सांडपाणी, कच्चे दूध यांतून माणसापर्यंत येतात. कोलिस्टिन हे माणसाच्या गंभीर संसर्गात अखेरीस वापरायचे औषध. जंतूला त्याला दाद न देण्याची ताकद देणारे आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक चीनमध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांच्या नियमित पाहणीतूनच हाती लागले व २०१५ मध्ये जाहीर झाले. भारताने २०१९ मध्ये अशा जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. आजारी जनावरांचे नमुने चित्र अधिक गडद दाखवतात, म्हणून पाहणीत निरोगी जनावरांचेही नमुने घेतले जातात. धडधाकट म्हशीचे शेण मागितले, तर तेही द्यावे.

म्हशीला ताप असेल किंवा तिने चारा सोडला असेल, तर निकालाची वाट पाहू नये. नमुना घेऊन पशुवैद्यकांकडून लगेच उपचार सुरू करावेत, निकाल आल्यावर गरज पडल्यास औषध बदलून घ्यावे आणि त्यांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत त्या म्हशीचे दूध डेअरीच्या कॅनमध्ये ओतू नये.