संस्थेचे फोटो कुठे कुठे वापरले गेले हे मोजताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या एका जुन्या संस्थेचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडिया जिथून चित्रं घेतो त्या खुल्या संग्रहात, चढवायचे आणि पुढे ते कुठे वापरले जातात याचा हिशेब ठेवायचा, हे काम मी काही वर्षं करतोय. भुईकोट किल्ला, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा, हातमाग, जॅकार्ड चादरी असा सगळा ऐवज आहे. मदतीला नवी मुलं येतात, मनापासून राबतात, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच त्या चुका करतात.

लेखाच्या भेटी म्हणजे फोटोच्या भेटी नव्हेत

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. बॅग्लॅमा नावाचं एक साधन आहे. आपला कॉमन्सवरचा फोटोंचा वर्ग (कॅटेगरी) त्यात नोंदवला, की त्यातले फोटो ज्या विकिपीडिया लेखांत आहेत त्या लेखांना महिनाभरात किती भेटी झाल्या ते कळतं. लेखांना, फोटोंना नाही. पहिल्या वर्षी मी जानेवारीचा आकडा सरळ विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखवला. "इतक्या लोकांनी आपले फोटो पाहिले." आमच्यातले सगळ्यात वडीलधारे अण्णा इतके खूश झाले, की त्यांनी तो वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर घ्यायला लावला.

फेब्रुवारीत आकडा कोसळला. अण्णांनी बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं बे? कुणी आपले फोटो काढून टाकले का काय?"

एकही फोटो निघालेला नव्हता. रात्री एकेक लेख उघडत बसलो तेव्हा उलगडा झाला. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा आमचा एक फोटो कुणीतरी मकर संक्रांतीच्या इंग्रजी लेखात टाकला होता. संक्रांतीच्या दिवसांत तो लेख देशभरातून उघडला जातो, आणि ती सगळी गर्दी आमच्या खात्यावर जमा झाली होती. मग तोच लेख मोबाइलवर पाहिला. तिथे विभाग मिटलेले असतात. खाली खाली जात शेवटचा विभाग उघडला, तेव्हा चित्रांच्या रांगेत अगदी टोकाला आमचा फोटो दिसला. अंगठ्याच्या नखाएवढा. नंदीध्वजांची काठी नुसती रेघ वाटत होती. संक्रांत कुठल्या तारखेला आहे हे बघायला आलेला माणूस तिथवर कशाला जाईल?

पुढच्या बैठकीत तो आकडा मी मागे घेतला. तेव्हापासून प्रत्येक लेख मी स्वतः उघडतो, आणि मोबाइलवरच उघडतो. एक्सेलमध्ये एक रकाना ठेवलाय: फोटो वरच्या माहितीचौकटीत आहे, मजकुरात आहे की तळाच्या रांगेत. तळाच्या फोटोंच्या भेटी मी एकूण बेरजेत धरत नाही. जानेवारीची तुलना मागच्या जानेवारीशीच करतो. प्रत्यक्ष फाइल किती वेळा मागवली गेली हे मीडियाव्ह्यूज या दुसऱ्या साधनात दिसतं. तो आकडा खऱ्याच्या जास्त जवळ जातो, पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. एखादा फोटो मोठा करून पाहिला, की शेजारचा फोटोही आपोआप उतरवला जातो.

मुलं म्हणतात, स्क्रिप्ट लिहू, एका क्लिकवर रिपोर्ट निघेल. जरूर लिहा. पण आधी वीस पानं डोळ्यांनी बघा, म्हणजे स्क्रिप्टला काय विचारायचं ते कळेल. या कामात घाई केलेले आकडे दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो.

छोट्या, पण रोजच्या

"सोलापूर" हा अख्खा वर्ग मोजायला घेऊ नका, त्यात जगाचे फोटो येतात. संस्थेचा स्वतंत्र वर्ग करा आणि उपवर्ग किती पायऱ्या खाली मोजायचे ते आवरा.

वर्गातले फोटो कुठे कुठे वापरलेत ते दाखवणारं ग्लॅमरस नावाचं साधन आहे, त्यात फक्त लेख मोजायच्या पर्यायावर टिक करा. नाहीतर चर्चापानं आणि सांगकाम्यांनी (बॉट्सनी) बनवलेल्या याद्याही "वापर" म्हणून येतात.

आकडा अचानक शेकड्यांनी वाढला, तर फोटो एखाद्या साच्यात, म्हणजे अनेक पानांवर आपोआप दिसणाऱ्या तयार तुकड्यात, शिरलाय का ते आधी बघा.

फोटो कुणी क्रॉप करून नव्या नावानं चढवला, तर ती वेगळी फाइल होते. तिला आपल्या वर्गात आणा.

प्रत्येक आकड्यापुढे तारीख लिहा. आजची यादी महिन्याभरानं तशीच राहत नाही.

दिसायला सारखं म्हणजे आपलंच नव्हे

कॉमन्सवरची वापराची यादी विकी प्रकल्पांच्या बाहेरचं काहीच सांगत नाही. तिथे फोटो टाकूनच शोधावं लागतं. आमच्याकडे एका जुन्या चादरीचा जवळून काढलेला फोटो आहे. एका मुलानं तो गुगल लेन्समध्ये टाकला आणि आलेले सगळे निकाल मोजून आणले. त्यात निम्म्याहून जास्त दुकानांचे, वेगळ्याच चादरींचे फोटो होते. लेन्स दिसायला सारखं तेही पुढे करतं. टिनआय तोच फोटो शोधतं, कापलेला किंवा रंग बदललेला असला तरी. म्हणून मी आधी टिनआय वापरतो, लेन्स नंतर.

तरीही खात्रीसाठी फोटोतली एक खूण धरून ठेवा. आमच्या त्या चादरीच्या काठाजवळ एक धागा सुटून आकड्यासारखा वळलाय. तो दिसला तरच फोटो आमचा. प्रत्येक फोटोची अशी खूण मी चढवतानाच वहीत लिहून ठेवतो.

वापर सापडला, पण श्रेय दिलेलं नाही, तर त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करा. सीसी बाय-एसए या खुल्या वापराच्या परवान्याच्या फोटोला श्रेय देणं बंधनकारक आहे, आणि नम्रपणे दोन ओळी लिहिल्या की बहुतेक जण नाव घालतात. पहिल्याच पत्रात कायद्याची धमकी देऊ नका. आपण फोटो दिलेत ते लोकांनी वापरावेत म्हणूनच ना?

एकाच लिपीत, एकाच स्पेलिंगनं शोधणं

हे सोलापुरात तरी घडू नये. जुन्या इंग्रजी मजकुरात आपलं गाव "शोलापूर" आहे, कन्नडमध्ये "सोल्लापूर"ही म्हणतात, तेलुगूत बरेचदा "शोलापूर". मी प्रत्येक नाव त्या त्या लिपीत लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलंय आणि महिन्यातून एकदा त्या सगळ्या नावांनी शोधतो. अशाच एका शोधात विणकरांवरच्या तेलुगू लेखात आमच्या मागाचा फोटो सापडला. मला तेलुगू वाचता येत नाही. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर वस्ती आहे, तिथल्या एका अक्कांना फोन दाखवला. त्यांनी फोटोखालची ओळ मोठ्यानं वाचली, मग वरचा परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, "माग आपल्याकडचाच आहे, पण यांनी गाव चुकीचं लिहिलंय." ती दुरुस्ती त्याच संध्याकाळी झाली.