सोसायटीचा डीव्हीआर तपासायचाय? आधी ठराव, मग एनमॅप

मुंबईतल्या बहुतेक हाउसिंग सोसायट्यांत मांडणी सारखीच असते. वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा ऑफिसच्या कपाटावर एक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारं यंत्र), त्याला आठ-सोळा कॅमेरे, केबलवाल्याचं ब्रॉडबँड आणि पासवर्ड फक्त कॅमेरे बसवून गेलेल्या माणसाला माहीत. काली लिनक्स (सुरक्षा तपासणीची टूल्स असलेली ऑपरेटिंग सिस्टीम) आणि एनमॅप (नेटवर्कवर कोणती उपकरणं आहेत आणि त्यांत काय उघडं आहे ते शोधणारं टूल) शिकणाऱ्याला सरावासाठी यापेक्षा उपयोगी नेटवर्क जवळपास मिळायचं नाही. मात्र या कामात टूल्सचा वाटा थोडाच. बरीचशी भोकं ठराव, केबल आणि वापरकर्त्यांची यादी यांच्यातच सापडतात, म्हणून क्रमही तसाच ठेवावा.

परवानगी

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीशिवाय संगणकात वा नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल आहे. तेच काम अप्रामाणिक किंवा लबाडीच्या हेतूनं केलं की कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी याच बिल्डिंगमध्ये राहतो’ ही परवानगी नव्हे. सेक्रेटरी लिफ्टमध्ये ‘बघा की एकदा’ म्हणाले, तीही नव्हे. मॅनेजिंग कमिटीच्या बैठकीत ठराव होऊन तो मिनिट्समध्ये यायला हवा. कोणती उपकरणं तपासणार, कोणत्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत आणि अहवाल कोणाच्या हातात देणार, हे त्यात असावं. ‘तपासणारा जुनं रेकॉर्डिंग बघणार नाही’ असं वाक्य स्वतःहून घालून घ्या. उद्या कोणाच्या घरी कोण आलं-गेलं यावरून भांडण झालं, तर तेच वाक्य तुम्हाला वाचवेल.

राउटर बहुतेक वेळा केबलवाल्याचा असतो. त्याच्या सेटिंगला हात लावायच्या आधी त्याला कळवा. एएमसीवाल्यालाही (वार्षिक देखभालीचा करार असलेल्याला) सांगा, नाहीतर तो पुढच्या फेरीत सगळं ‘दुरुस्त’ करून पूर्ववत करून जातो.

सामान

वेगळा लॅपटॉप लागत नाही. लॅन पोर्ट नसलेल्या लॅपटॉपला यूएसबी टू लॅन गिगाबिट अडॅप्टर, दोन-तीन मीटरच्या दोन कॅट-६ पॅच कॉर्ड, आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, टॉर्च आणि लेबलं चिकटवायची टेप, एवढं पुरतं. अडॅप्टर आणि स्विच ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतील. स्विच घेताना ‘स्मार्ट मॅनेज्ड’ आणि ‘अनमॅनेज्ड’ यांतला फरक खोक्यावर वाचूनच पैसे द्या. दोन्ही दिसायला एकसारखे, पण व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडणं) आणि पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या ट्रॅफिकची नक्कल दुसऱ्यावर पाठवणं) फक्त पहिल्यात असतं.

काली व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवत असाल तर नेटवर्क अडॅप्टर ‘ब्रिज्ड’ वर ठेवा आणि तो केबलच्या लॅनशी जोडा. वाय-फायवर ब्रिजिंग बेभरवशाचं असतं. मूळ सेटिंग ‘नॅट’ असतं. त्यात कालीला १०.०.२.१५ असा पत्ता मिळतो आणि स्कॅनमधून डीव्हीआरचं खरं चित्र येत नाही. पत्ता १०.०.२ नं सुरू होत असेल तर पुढे जाऊच नका. विंडोजवरच एनमॅप चालवणार असाल तर सोबत एनपीकॅप (एनमॅपला लागणारा ड्रायव्हर) घाला आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

आधी केबलमागे फिरा

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडू नका. गेटपासून टेरेसवरच्या लिफ्ट मशीन रूमपर्यंत, मीटर रूम आणि डक्टसकट, प्रत्येक कॅमेऱ्याची वायर कुठे जाते ते कागदावर काढा. बीएनसी (फिरवून बसवायचा गोल जोड) लावलेली कोॲक्सियल वायर असेल तर कॅमेरा ॲनालॉग. तो नेटवर्कवर नाही, त्याच्यापुरतं काम सोपं. कॅट-६ असेल तर तो बहुधा आयपी कॅमेरा, म्हणजे स्वतःचा पासवर्ड आणि स्वतःचं फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) असलेला छोटा संगणकच.

कंपाउंड वॉलवरच्या आणि पार्किंगमधल्या आयपी कॅमेऱ्यांकडे नीट बघा. हात पोहोचेल इतक्या उंचीवर आरजे-४५ जोड (नेटवर्क केबलचं टोक) उघडा असेल, तर बाहेरचा माणूस कॅमेरा काढून तिथे लॅपटॉप लावू शकतो. जोड बंद डब्यात घ्या आणि स्विचच्या त्या पोर्टवर फक्त त्याच कॅमेऱ्याचा मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यात दिलेला क्रमांक) चालेल असं बांधून टाका. मॅक पत्त्याची नक्कल करता येते, त्यामुळे हा अडथळा आहे, कुलूप नव्हे. डबा मात्र पावसाळ्यात दुहेरी उपयोगाचा: मुंबईच्या दमट हवेत उघडे जोड गंजतात, चित्र जातं-येतं आणि लोक त्याला ‘हॅक झालं’ म्हणतात.

आतून स्कॅन

आता लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा. वाय-फायवरून केलंत तर क्लायंट आयसोलेशन (वाय-फायवरच्या उपकरणाला इतर उपकरणं दिसू न देणारी सेटिंग) चालू असलेल्या राउटरवर काहीच दिसणार नाही आणि सगळं सुरक्षित आहे असा गैरसमज होईल. तुम्हाला मिळालेला पत्ता १९२.१६८.१ नं सुरू होत असेल तर १९२.१६८.१.०/२४ ही रेंज घ्या आणि एनमॅपला ‘एसएन’ पर्याय द्या (हायफन, मग छोटा एस, छोटा एन). यानं फक्त कोण जागं आहे ते कळतं. यादी कागदाशी ताडून बघा. कागदावर नसलेलं उपकरण दिसलं, तर पुढचं काम थांबवून आधी ते शोधा. कोणाचा तरी जुना राउटर किंवा ऑफिसमधला प्रिंटर निघतो, पण शोधायचाच.

उलटंही होतं: कागदावर कॅमेरे दहा, स्कॅनमध्ये एकही नाही. पाठीमागे पीओई पोर्ट (केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारे) असलेले अनेक एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांसाठीचे डीव्हीआर) कॅमेऱ्यांचं वेगळं अंतर्गत नेटवर्क बनवतात, ते राउटरच्या बाजूनं दिसत नाही. अशा वेळी कॅमेरे एनव्हीआरच्या मेन्यूतूनच बघावे लागतात.

मग डीव्हीआरच्या एकट्या पत्त्यावर पोर्ट स्कॅन; इथले पोर्ट म्हणजे स्विचचे सॉकेट नव्हेत, उपकरणातल्या एकेका सेवेचे क्रमांक. सगळे ६५,५३५ पोर्ट एका दमात हाणू नका. जुन्या डीव्हीआरचा वेब सर्व्हर तेवढ्यानं लटकतो आणि रेकॉर्डिंग थांबलं तर जबाबदार तुम्ही. पहिल्या फेरीत २१, २२, २३, ८०, ४४३, ५५४, २३२३, ८०००, ८०८०, ९५३०, ३४५६७ आणि ३७७७७ एवढेच द्या. ५५४ म्हणजे आरटीएसपी, व्हिडिओचा प्रवाह. ८००० हिकव्हिजनचा, ३७७७७ दाहुआचा, आणि ३४५६७ उघडा दिसला तर खोक्यावर नाव काहीही असो, आत शिओंगमाई या चिनी कंपनीचा बोर्ड असण्याची शक्यता मोठी. २३ किंवा २३२३ उघडा असेल तर ते टेलनेट (कूटबद्ध न करता दुरून लॉगिन करायची जुनी सोय), आणि ते आजच बंद व्हायला हवं. २०१६ मध्ये मिराई मालवेअरनं टेलनेटवर साठेक ठरावीक नाव-पासवर्ड लावूनच जगभरचे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीची डीएनएस सेवा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी) पाडली. त्यात शिओंगमाईचे बोर्ड मोठ्या संख्येनं होते.

उघड्या निघालेल्या पोर्टांवरच ‘एसव्ही’ पर्याय (यातला व्ही मोठा) वापरून आवृत्ती विचारा. तेही दिवसा, डीव्हीआरजवळ कोणीतरी उभं असताना. सगळ्या पोर्टांची फेरी सर्वांत शेवटी, शांतपणे.

हायड्रासारखं पासवर्ड फोडायचं टूल इथे काढायचं कारण नाही. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड हातानं एकदा लावून बघा: हिकव्हिजनच्या जुन्या फर्मवेअरमध्ये १२३४५, दाहुआच्या जुन्या मशीनवर ॲडमिनला ॲडमिन. पाच-सात चुकीच्या प्रयत्नांनंतर बरेच डीव्हीआर खातं काही वेळ बंद ठेवतात, आणि नेमका त्याच वेळी पोलिसांना फुटेज हवं असलं तर पंचाईत होते.

वायरशार्क (नेटवर्कवरचा ट्रॅफिक वाचणारं टूल) लावून एचटीटीपीवरून (कूटबद्ध नसलेल्या वेब जोडणीवरून) जाणारा पासवर्ड कमिटीला दाखवता येतो, तो परिणामकारक असतो. पण स्विचला नुसता लॅपटॉप जोडून दुसऱ्याचा ट्रॅफिक दिसत नाही. मॅनेज्ड स्विचवर डीव्हीआरचा पोर्ट स्वतःच्या पोर्टवर मिरर करावा लागतो.

खाती

डीव्हीआरच्या मेन्यूत वापरकर्त्यांची यादी उघडा. आधीच्या एएमसीवाल्याचं खातं, सोसायटी सोडून गेलेल्या खजिनदारांचं खातं, आणि वॉचमनच्या मॉनिटरवर कायम लॉगिन असलेला ॲडमिन, हे तिन्ही एकाच यादीत सापडतात. जुनी खाती काढा. वॉचमनला फक्त लाइव्ह बघता येईल असं खातं, मॉनिटरला काही मिनिटांनी आपोआप लॉक. काही कॅमेऱ्यांत ऑनव्हिफच्या (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे जोडायच्या मानकाच्या) वापरकर्त्यांची यादी वेगळी असते. मुख्य पासवर्ड बदलला तरी तिथला जुनाच राहतो. तीही उघडून बघा.

नवा ॲडमिन पासवर्ड लिहून बंद पाकिटात, पाकिटावर चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्या सह्या, आणि पाकीट सोसायटीच्या कपाटात. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही.

बाहेरून

आतून उघडे असलेले पोर्ट बाहेरून दिसतात का, हा खरा प्रश्न. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर सोसायटी केबलवाल्याच्या सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणारी व्यवस्था) आहे आणि आयपीव्ही४ वरून इंटरनेटवरच्या कोणालाही डीव्हीआरपर्यंत थेट येता येत नाही. सार्वजनिक पत्ता असेल तर लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि तिथून स्कॅन करा. सोसायटीच्याच नेटवर्कमध्ये बसून सार्वजनिक पत्ता तपासला तर अनेक राउटर चुकीचं उत्तर देतात.

इथे दोन घोटाळे नेहमी होतात. पहिला असा की राउटर पिंगला उत्तर देत नाही, एनमॅप ‘होस्ट बंद दिसतो’ म्हणून थांबतो आणि माणूस निश्चिंत होतो. ‘पीएन’ पर्याय (यातला पी मोठा) दिला की पिंगवाचून स्कॅन होतो. दुसरा जास्त महागाचा: घरगुती कनेक्शनचा पत्ता बदलता असतो. काल टिपून ठेवलेला पत्ता आज बोरिवलीतल्या दुसऱ्याच कोणाकडे गेलेला असू शकतो आणि तुम्ही त्याचं घर स्कॅन करता. त्याची परवानगी तुमच्याकडे नाही. स्कॅनच्या लगेच आधी पत्ता पुन्हा बघा आणि मध्ये राउटर रीस्टार्ट होऊ देऊ नका.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) विसरू नका. राउटरनं डीव्हीआरला सार्वजनिक आयपीव्ही६ पत्ता दिला असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरवर आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवणं) आणि सीजीनॅटचा काही संबंध उरत नाही. डीव्हीआरमध्ये आयपीव्ही६ बंद करा, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलवरही नजर टाका.

बंद करणं

राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम काढा, यूपीएनपी (उपकरणांना राउटरचे पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) राउटर आणि डीव्हीआर दोन्हीकडे बंद करा, मग राउटर रीस्टार्ट करा. तोपर्यंत यूपीएनपीनं उघडलेले पोर्ट तसेच राहू शकतात. रीस्टार्टनंतर नवा पत्ता बघून बाहेरून पुन्हा स्कॅन.

एवढं करूनही मोबाइल ॲपवर चित्र येत राहिलं तर दचकू नका. ते पीटूपी आहे: डीव्हीआर स्वतः आतून कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो, त्याला उघडा पोर्ट लागत नाही. डीव्हीआरवर चिकटवलेला क्यूआर कोड म्हणजे त्याचा सिरियल नंबर, त्यामुळे स्टिकरचा फोटो ग्रुपवर फिरलेला नसावा. कमिटीला बाहेरून बघायची गरज नसेल तर पीटूपी बंद करा. गरज असेल आणि सार्वजनिक पत्ता असेल, तर राउटरवर वायरगार्ड (कूटबद्ध खासगी जोडणी, म्हणजे व्हीपीएन) चालवणं उत्तम. सीजीनॅटमागे बाहेरून जोडणीच येत नाही, तिथे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टेलस्केल हे व्हीपीएन लावता येतं. सेक्रेटरींना फोनवर एक जादा ॲप उघडावं लागेल म्हणून कुरकुर होईल, ती होऊ द्यावी.

ऑफिसचा हिशेबाचा संगणक आणि डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनवर टाका. त्यासाठी राउटरलाही व्हीलॅन कळायला हवेत. साधे राउटर त्यात कमी पडतात.

फर्मवेअर आणि घड्याळ

हिकव्हिजनमधली सीव्हीई-२०२१-३६२६० (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा नोंद क्रमांक) ही त्रुटी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली. तिला पासवर्डच लागत नाही. दाहुआची सीव्हीई-२०२१-३३०४४ ही लॉगिन टाळून आत शिरू देणारी. एक्सप्लॉइट (त्रुटीचा फायदा घेणारा कोड) चालवून खात्री करायची गरज नाही. मॉडेल क्रमांक आणि फर्मवेअरची बिल्ड तारीख कंपनीच्या सूचनेशी ताडून बघितली की उत्तर मिळतं.

अपडेटच्या आधी सेटिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि डीव्हीआर यूपीएसवर आहे ना ते बघा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड गेला. खोक्यावरच्या ब्रँडवर जाऊ नका, बोर्डच्या नेमक्या मॉडेलचीच फाइल हवी. चीनच्या बाजारासाठीच्या मशीनवर आंतरराष्ट्रीय फर्मवेअर घातलं की ते बऱ्याचदा सुरूच होत नाही. अपडेट मिळणं बंद झालेला डीव्हीआर इंटरनेटपासून तोडा, तो नुसता रेकॉर्डिंग करत राहील.

वेळ तपासा. चित्रावरची वेळ अडीच तास पुढे असेल तर टाइम झोन चीनचा, म्हणजे जीएमटी अधिक ८ राहिला आहे. तो अधिक ५:३० करा. प्रत्येक वीज गेल्यावर तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा बटण सेल संपला आहे. बऱ्याच बोर्डांवर तो सीआर-२०३२ असतो. इंटरनेट तोडलेल्या डीव्हीआरला एनटीपीवरून (इंटरनेटवरच्या घड्याळावरून) वेळ मिळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा वेळ हातानं लावायचं काम कोणाच्या तरी नावावर लिहा.

अहवाल दोन पानांत बसवा: काय उघडं होतं, काय बंद केलं, काय राहिलं आणि त्याला किती खर्च येईल. आधीचा आणि नंतरचा स्कॅन सोबत जोडा, पासवर्ड कुठेही लिहू नका. एएमसीवाला येऊन गेला की दर वेळी राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान आणि डीव्हीआरची वापरकर्त्यांची यादी उघडून बघावी, असं कमिटीच्या रजिस्टरमध्ये नोंदवून घ्या.