ब्लोअर फक्त चारवरच का चालतो? ऑटो इलेक्ट्रिकच्या नव्या शिकाऊंसाठी

ऑटो इलेक्ट्रिकचं काम शिकायला आलेल्या मुलामुलींना मी पहिली स्वतंत्र तक्रार शक्यतो हीच देतो: ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) चौथ्या स्पीडला जोरात चालतो, एक, दोन, तीनला ढिम्म. मोटर, स्विच, रेझिस्टर, फ्यूज आणि काही गाड्यांत एखादा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), एवढाच याचा पसारा. तरीही पुस्तकात वाचलेलं सिरीज सर्किट, व्होल्टेज ड्रॉप, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची बाजू) हे सगळं इथे प्रत्यक्ष हाताला लागतं. ग्राहक हीटरची तक्रार घेऊन येवो की एसीची, पंखा बहुतेक गाड्यांत एकच असतो.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी नॉब प्रत्येक आकड्यावर फिरवा आणि काय होतं ते लिहून ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं. चार स्पीडच्या साध्या सर्किटमध्ये रेझिस्टरच्या तीन कॉइल एकामागे एक जोडलेल्या असतात. नॉब एकवर असेल तर करंट तिन्ही कॉइलमधून जातो, दोनवर दोन, तीनवर एक. चारवर तो रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरला मिळतो. म्हणजे चौथा स्पीड चालतोय याचा अर्थ मोटर फिरते आहे आणि तिचा मुख्य पुरवठाही शाबूत आहे. अशा वेळी आधी मोटर खोलणं म्हणजे वेळ घालवणं.

आता एक पाऊल पुढे जा. पहिला स्पीडच तेवढा गेला असेल तर फक्त त्याच्या वाट्याची कॉइल तुटलेली असू शकते. तिन्ही एकदम गेले असतील तर तिघांच्या सामाईक वाटेवर काहीतरी तुटलंय, आणि तिथे बहुधा थर्मल फ्यूज असतो. रेझिस्टर ठरावीक मर्यादेपेक्षा तापला की हा फ्यूज वितळून सर्किट तोडतो. उलट, खालचे स्पीड चालतात आणि चौथाच नाही, तर रेझिस्टर सोडा. हाय स्पीडचा रिले, त्याचा फ्यूज किंवा स्विचचा कॉन्टॅक्ट बघा. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत अशा कॉइल सहसा नसतात, ट्रान्झिस्टरचं पॉवर मॉड्यूल असतं. ते आतून शॉर्ट झालं तर नॉब कुठेही असला तरी पंखा पूर्ण जोरातच फिरतो. तिथे वायरिंग डायग्रॅमशिवाय हात घालू नये.

रेझिस्टर बहुतेक गाड्यांत ब्लोअरजवळ, ग्लव्ह बॉक्सच्या मागे, हवेच्या मार्गातच बसवलेला असतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडं थांबा. आजूबाजूला पिवळे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे प्लग) दिसले तर ते सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. पंखा नुकताच चालला असेल तर रेझिस्टर बोट भाजेल इतका गरम असतो. तो बाहेर लोंबत ठेवून पंखा चालवायची सवय मात्र अजिबात लावून घेऊ नका. हवा न मिळाल्याने चांगला रेझिस्टरही जळू शकतो.

मोजताना आधी मीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवा आणि येणारं रीडिंग पुढच्या आकड्यातून वजा करा, कारण इथला रेझिस्टन्स ओहमच्या काही दशांशापासून दोन-तीन ओहमपर्यंतच असतो. मीटर ‘ओएल’ (रीडिंग मर्यादेबाहेर) दाखवत असेल तर ती वाट तुटलेली आहे. सगळ्या कॉइल ठीक निघाल्या तर संशय स्विचवर आणि कपलरवर जातो.

व्होल्टेज तपासताना नव्यांची सर्वाधिक गफलत होते ती इथे. काही गाड्यांत स्विच आणि रेझिस्टर पॉझिटिव्हच्या बाजूला असतात, तर काहींत अर्थच्या. दुसऱ्या प्रकारात इग्निशन चालू केलं की मोटरला 12 व्होल्ट कायम असतात, आणि नॉब बंद असतानाही रेझिस्टरच्या पिनवर 12 दिसू शकतात. तो आकडा बघून ‘सप्लाय बरोबर आहे’ म्हणणं चुकीचं. म्हणून डायग्रॅम आधी, मीटर नंतर. शिवाय कपलर काढून मोजलेल्या व्होल्टेजवर विसंबू नका. वायरची एकच तार उरली असली तरी मीटर पूर्ण 12 दाखवतो, कारण तो जवळजवळ करंटच ओढत नाही. बॅटरी जोडून, कपलर लावून, पंखा चालू ठेवून कपलरच्या मागच्या बाजूने प्रोब लावून मोजा.

जळका रेझिस्टर सापडला की अनेकांना काम संपल्यासारखं वाटतं. माझ्या मते खरं काम तिथून सुरू होतं: तो जळला का? मोटरचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बारीक नळी) कोरडा पडला की ती जास्त करंट ओढते, आणि रेझिस्टरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोन पट. डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती नुसता अडकवून करंट मोजणारा मीटर) मोटरचा करंट मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. बंद मोटर हाताने फिरवून पाहा. ती अडखळत असेल किंवा पंखा घासल्याचा आवाज येत असेल तर नवा रेझिस्टरही फार टिकणार नाही.

दुसरं कारण तुंबलेला केबिन फिल्टर किंवा आत अडकलेला पालापाचोळा. हे कारण क्लॅम्प मीटरवर दिसत नाही. हवा अडली की या प्रकारच्या पंख्यावरचा भार उलट कमी होतो आणि करंटही घटतो, पण रेझिस्टरला थंड करणारी हवाच मिळत नाही. त्यामुळे करंट ठीक आला तरी फिल्टर काढून बघायचाच.

तिसरं, कपलर. सैल पिनवर उष्णता तयार होते, प्लास्टिक तपकिरी होतं, पिन काळी पडते. अशा कपलरमध्ये नवा रेझिस्टर खोचू नका. तेवढ्याच जाडीच्या वायरीचा नवा कपलर नीट क्रिंप करून (पिन वायरीवर दाबून घट्ट बसवून) लावा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा टाकणं तर धोक्याचंच: मग वायरिंग जळतं.

सगळं बसवल्यावर प्रत्येक स्पीडवर पंखा काही मिनिटं चालवा. मोटरवरचे व्होल्ट एक ते चार असे पायरीपायरीने वाढले पाहिजेत. शेवटी कपलरला बाहेरून हात लावून बघा. चटका बसत असेल तर गाडी ग्राहकाला देऊ नका, पिन पुन्हा तपासा.