रीफ टँकमध्ये किडींवर औषध टाकताय? अॅक्टिव्हेटेड कार्बनच्या या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, लाल फ्लॅटवर्म (बारीक चपटे किडे) वाढले की माणूस जे करतो तेच मीही केलं होतं, औषधाची बाटली आणली, थेंब मोजून टाकले आणि खुर्ची ओढून काचेसमोर बसलो. अर्धा तास झाला, तास झाला, फ्लॅटवर्म आपले मजेत रॉकवर पसरलेले. औषध जुनं असेल म्हणून आणखी थोडं टाकलं, तरी ढिम्म! शेवटी सम्पमध्ये (टँकला जोडलेली फिल्टरची टाकी) हात घालून चाचपलं तर स्किमरच्या (फेसातून घाण काढणारं यंत्र) मागे अॅक्टिव्हेटेड कार्बनची, म्हणजे पाणी साफ करणाऱ्या कोळशाच्या दाण्यांची, एक छोटी पिशवी, कधी ठेवली होती देव जाणे. ती काढली, परत डोस टाकला आणि मग एकदम सगळे गळून पडायला लागले, पाण्यात त्यांचं विष सुटलं, टँग (सर्जनफिश) जोरजोरात श्वास घ्यायला लागला आणि माझ्याकडे नवा कार्बन होता पण धुतलेला नव्हता, रिअॅक्टर (कार्बनमधून पाणी ढकलणारं नळकांडं) कोरडाठाक माळ्यावर. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच.

एकाच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी चुकलो. नको तेव्हा कार्बन पाण्यात होता आणि हवा तेव्हा तयार नव्हता. या विषयात लोकांचं जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं या दोनपैकी एका खात्यात जातं असं माझं मत आहे.

कारण कार्बनला औषध आणि विष यातला फरक कळत नाही. त्याच्या प्रत्येक दाण्यात इतकी बारीक छिद्रं असतात की 1 ग्रॅम कार्बनच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो, आणि पाण्यातले सेंद्रिय रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. फ्लॅटवर्मचं औषध तसंच चिकटतं, मेलेल्या फ्लॅटवर्मचं विष तसंच, सॉफ्ट कोरल एकमेकांवर सोडतात ती रसायनंही तशीच. म्हणून कार्बन कुठला घ्यायचा यावर लोक तासनतास वाद घालतात ना, त्यापेक्षा तो कधी काढायचा आणि कधी घालायचा हे जास्त महत्त्वाचं आहे.

औषधाआधी कार्बन पूर्ण काढत नाहीत

रिअॅक्टर बंद केला म्हणजे कार्बन काढला असं नाही. सम्पमधल्या पिशव्या, हँगऑन फिल्टरमधलं कार्ट्रिज, कार्बन मिसळलेले फिल्टर पॅड (हे सगळ्यात जास्त विसरलं जातं, काळा स्पंज म्हणून कोणी लक्षच देत नाही) हे सगळं बाहेर. ओझोन आणि यूव्ही पण बंद, तेही औषध मोडू शकतात. स्किमरचं काय करायचं ते औषधाच्या लेबलवर बघा, बंद ठेवायला सांगितला असेल तर एअर स्टोन लावून किंवा वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळवून हवा चालू ठेवा, कारण स्किमर बंद म्हणजे ऑक्सिजनचा एक मोठा रस्ता बंद.

औषध काम करत नाहीये असं वाटलं की डोस वाढवायच्या आधी हे सगळं परत एकदा तपासा. माझ्यासारखं डोसवर डोस टाकत बसलात आणि नंतर पिशवी सापडली तर पाण्यात नक्की किती औषध उरलंय याचा हिशोबच लागत नाही. दुसरं, टँकचं पाणी किती ते नीट मोजा. काचेच्या मापावरून लिटर काढताना रॉक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करायची असते आणि सम्पमधलं पाणी धरायचं असतं, यात फरक बराच पडतो.

मेलेले फ्लॅटवर्म टँकमध्येच राहू देतात

ही चूक दिसायला कार्बनची नाही पण शेवटी भार कार्बनवरच येतो. फ्लॅटवर्म मरताना विष सोडतात, म्हणजे विष किती सुटणार हे औषध टाकताना जिवंत किती होते त्यावर ठरतं. म्हणून आधी तीन-चार दिवस रोज बारीक पाईपने सायफन करून जेवढे निघतील तेवढे काढा आणि थेट बादलीत सोडा. फिल्टर सॉकमध्ये (गाळायची कापडी पिशवी) गाळून तेच पाणी सम्पमध्ये परत घेण्याचा मोह टाळा, ते इतके नाजूक असतात की सॉकमध्ये फाटतात आणि सगळं परत टँकमध्येच. औषध टाकल्यावरही सायफन हातातच ठेवा, गळून पडायला लागले की ओढत राहा. हजारो फ्लॅटवर्म टँकमध्ये असताना सरळ औषध टाकून वर कार्बनवर भरवसा ठेवणं म्हणजे मुद्दाम जुगार खेळणं आहे.

कार्बन उशिरा, कमी किंवा चुकीच्या जागी

औषध टाकायच्या आधी कार्बन आरओ पाण्यात काळं पाणी येणं थांबेपर्यंत धुऊन, रिअॅक्टरमध्ये भरून तयार ठेवा, फक्त पंपाचं बटण दाबायचं बाकी असावं. सोबत 20-25 टक्के वॉटर चेंजचं पाणी, आदल्या दिवशी मिसळलेलं, टँकच्याच तापमानाचं आणि त्याच सॅलिनिटीचं (खारटपणाचं). या दोन गोष्टी तयार नसतील तर औषधाची बाटली उघडूच नका, फ्लॅटवर्म आणखी एक दिवस थांबतील, काही घाई नाही.

आणि हा कार्बन नेहमीच्या मापाने नको, मी दुप्पट घेतो आणि दोन दिवसांनी बदलतो. सम्पच्या कोपऱ्यात टाकलेल्या पिशवीचा इथे फार उपयोग नाही कारण पाणी सोपा रस्ता बघून बाजूने निघून जातं, कार्बनमधून ढकललं गेलं पाहिजे. पण म्हणून रिअॅक्टर फुल्ल सोडायचा नाही, दाणे उकळल्यासारखे नाचायला लागले की एकमेकांवर घासून त्यांची धूळ होते. दोन स्पंजांच्या मध्ये दाबून बसलेले, हलके थरथरणारे दाणे ठीक. या धुळीला हलक्यात घेऊ नका, सर्जनफिशवर केलेल्या प्रयोगात कार्बनच्या टँकमधल्या माशांच्या डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर त्वचा झिजलेली दिसली आहे आणि जास्त धूळ सोडणाऱ्या लिग्नाइट कार्बनने जास्त.

औषध चालू असताना मासे वर येऊन श्वास घेताहेत, आडवे होताहेत असं दिसलं तर "अजून वीस मिनिटं बाकी आहेत" असं म्हणत घड्याळ बघत बसू नका. लगेच कार्बन चालू, हवा वाढवा, पाणी बदला. उरलेल्या फ्लॅटवर्मचं पुढच्या वेळी बघू.

सगळ्या औषधांना एकच वेळ लावतात

फ्लॅटवर्मच्या औषधाला साधारण तासाभरात कार्बन. अॅक्रोपोरा या कोरलवरच्या रेड बग नावाच्या बारीक किडींसाठी लोक कुत्र्यांच्या जंतांचं मिल्बेमायसिन वापरतात, त्यात 6 तासांनी कार्बन आणि वॉटर चेंज, आणि लक्षात ठेवा त्यात खेकडे, झिंगे, कोपेपॉड (त्यांच्याच कुळातले अगदी बारीक जीव) हेही जातात, सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं, म्हणून वाचवायचे ते आधी काढून ठेवा. ब्रायोप्सिस शेवाळासाठी फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध टाकलंत तर दोन-तीन आठवडे कार्बन बाहेरच.

उलट एप्टेशिया या उपद्रवी अॅनिमोनवर कालकवासर (चुन्याचं पाणी) सोडताना कार्बन काढायची काहीच गरज नाही, चुना कार्बनला चिकटत नाही, तिथे फक्त फ्लो बंद ठेवायचा आणि एका दिवसात फार जास्त एप्टेशिया मारायचे नाहीत, नाहीतर पीएच वर जातो. कोरल वेगळ्या बादलीत डिप करताना, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवताना, तर टँकमधला कार्बन चालूच असू द्या, डिपचे चार थेंब चुकून आले तर तो सांभाळून घेतो. एप्टेशिया भरलेला रॉक उकळायचा विचार मात्र अजिबात नको, त्यावर झोआ (कोरलसारखे छोटे जीव) असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष फुफ्फुसात जातं आणि माणूस दवाखान्यात पोचतो. तिथे कार्बन कामाचा नाही.

कार्बन सगळं सांभाळेल असं समजतात

अमोनिया कार्बनला जवळजवळ चिकटत नाही. रॉकच्या फटीत शेकडो किडे मरून कुजले तर अमोनिया वाढणारच, म्हणून दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी टेस्ट करा. नायट्रेट, फॉस्फेटचंही तसंच, काही स्वस्त कार्बन तर उलट फॉस्फेट सोडतात. वापरलेला कार्बन उकळून परत वापरायचा उद्योग करू नका, कारखान्यात त्याला कित्येकशे डिग्री लागतात, आपल्या पातेल्यात 100 च्या वर पाणी जात नाही.

औषध संपल्यावर कोरल फिके पडले

किडे गेले, मासे ठणठणीत, आणि चार दिवसांनी अॅक्रोपोरा पांढरट. लोक औषधाला शिव्या देतात पण बऱ्याचदा कारण प्रकाश असतो. आठवडा-दोन आठवडे कार्बन बाहेर असला की पाणी हळूहळू पिवळसर होतं, आपल्याला रोज बघून कळत नाही, आणि मग भरपूर नवा कार्बन एकदम घातला की पाणी एका रात्रीत काचेसारखं आणि लाइट तेवढीच असून कोरलवर जास्त पडते. लांबचा कोर्स झाला असेल तर कार्बन अर्ध्या मापाने सुरू करा किंवा लाइट 20-30 टक्के उतरवून आठवडाभरात परत चढवा. फ्लॅटवर्मच्या विषाच्या वेळी मात्र अर्धं माप चालणार नाही, तिथे पूर्ण कार्बन घाला आणि लाइट उतरवा.

आणि हो, फ्लॅटवर्मच्या औषधाने अंडी मरत नाहीत, त्यामुळे आठवड्याभराने दुसरा डोस लागतोच. त्या दिवशी पहिल्या वेळचा कार्बन अजून रिअॅक्टरमध्येच असतो, तो आठवणीने काढा. स्किमरच्या मागेही एकदा बघा.