महापेतला सर्व्हर, नौपाड्यातला लॅपटॉप: एसएसएच पक्कं कसं करायचं

आमच्या ग्राहकांच्या वेबसाइट महापेच्या एका डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालतात आणि मी काम करते ठाण्यात, नौपाड्यातून. अंतर फार नाही. पण आत शिरायचं तर आधी मेल, मग गेटपास, ओळखपत्र, सोबत त्यांचा माणूस. रात्री अकराला साइट बंद पडली तर यातलं काही होत नाही. म्हणून एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करून कमांड चालवायची वाट, बाहेरच्यांना बंद हवी आणि आपल्यासाठी मात्र कायम उघडी. खालची कामं त्याच क्रमाने करा.

सर्वांत आधी मागचा रस्ता तपासा, म्हणजे एसएसएच बिघडलं तरी आत जाता येईल. स्वतःचं मशीन असेल तर आयपीएमआय (मशीन दुरून हाताळायची, त्यातच बसवलेली वेगळी सोय), भाड्याचं असेल तर होस्टिंगच्या पॅनलमधला वेब कन्सोल. तिथून खरोखर लॉगिन करून बघा. कन्सोलवर एसएसएच की चालत नाही, पासवर्डच लागतो. तेव्हा सुडो (रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी युजरचे, अधिकार वापरायची परवानगी) असलेल्या युजरचा पासवर्ड नीट जपून ठेवा. आयपीएमआय मात्र पब्लिक आयपीवर कधीही ठेवू नका.

आता की, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची किल्ल्यांची जोडी: प्रायव्हेट लॅपटॉपवर राहते, पब्लिक सर्व्हरवर जाते. लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन चालवा, प्रकार ईडी२५५१९ निवडा आणि पासफ्रेज, म्हणजे कीचा स्वतःचा पासवर्ड, द्याच. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तर तोच वाचवतो. पब्लिक की सर्व्हरवर टाकायला एसएसएच-कॉपी-आयडी आहे. प्रायव्हेट की कुणालाही व्हॉट्सअ‍ॅप करायची नाही, सहकाऱ्यालासुद्धा नाही. प्रत्येकाची की वेगळी. पहिल्यांदा जोडताना जो फिंगरप्रिंट दिसतो, त्याला डोळे मिटून 'येस' म्हणू नका. कन्सोलवरून होस्ट कीचा, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या ओळखीच्या कीचा, फिंगरप्रिंट काढा आणि अक्षर न् अक्षर जुळवा.

कीने लॉगिन होतंय याची खात्री झाली की पासवर्ड बंद करा. पब्लिक आयपीच्या २२ नंबर पोर्टवर, म्हणजे एसएसएचच्या नेहमीच्या दारावर, बॉट (आपोआप पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम) अखंड येत असतात. ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद, उघडलात तर रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी चाललेले प्रयत्न दिसतील. एसएसएचडी (सर्व्हरवर चालणारा एसएसएचचा प्रोग्राम) याच्या सेटिंगमध्ये परमिटरूटलॉगिन, पासवर्डऑथेंटिकेशन आणि केबीडीइंटरअ‍ॅक्टिव्हऑथेंटिकेशन, तिन्ही 'नो'. इथे उबंटूवर बरेच जण फसतात. मुख्य फाइलमध्ये 'नो' लिहिलेलं असतं, पण एसएसएचडी-कॉन्फिग डॉट डी या फोल्डरमध्ये ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल 'येस' म्हणत बसलेली असते. तो फोल्डर आधी वाचला जातो आणि पहिली सापडलेली किंमत धरली जाते. म्हणून आपली फाइल त्याच फोल्डरमध्ये, नावाच्या सुरुवातीला ०० लावून ठेवा. एसएसएचडी -टी (स्मॉल टी) चुका दाखवतं; कॅपिटल टी दिलात तर प्रत्यक्षात काय लागू आहे ते छापतं. विश्वास त्या छापलेल्यावर ठेवा. मग सर्व्हिस रीलोड करा. चालू खिडकी बंद करू नका. दुसरी उघडा, लॉगिन करा, सुडो चालतंय बघा, मगच पहिली मिटा.

फायरवॉलमध्ये फक्त घरचा आयपी उघडायचा सल्ला खूप जण देतात. घरच्या ब्रॉडबँडला स्थिर आयपी बहुधा नसतो, त्यामुळे तो बदलला की आपणच बाहेर. त्यापेक्षा वायरगार्ड लावा; हा व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉप आणि सर्व्हरमधला खासगी बोगदा. लिनक्स कर्नलमध्ये तो २०२० पासून, ५.६ आवृत्तीपासून आहे. ओळख न पटलेल्या पॅकेटला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही असल्याचं कळत नाही. एकदा सर्व्हर रीबूट करून वायरगार्ड आपोआप उठतोय का बघा. मग यूएफडब्ल्यूमध्ये (उबंटूच्या फायरवॉलमध्ये) वेबसाइटचे ८० आणि ४४३, वायरगार्डचा यूडीपी ५१८२० उघडा आणि २२ फक्त वायरगार्डच्या इंटरफेसवरून. एसएसएचडीला लिसनअ‍ॅड्रेस (फक्त वायरगार्डच्या पत्त्यावर ऐकायची सेटिंग) देऊन हेच करू नका: बूट होताना तो वायरगार्डच्या आधी उठला तर अडकतो. यूएफडब्ल्यू सुरू करण्याआधी 'अ‍ॅट' कमांडने दहा मिनिटांनी ते आपोआप बंद होईल असं लावून ठेवा. सगळं जमलं की ते काम रद्द करा.

एसएसएचचा पोर्ट २२ वरून बदलून लॉगमधला गोंगाट कमी होतो, सुरक्षा वाढत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ऑथराइज्ड-कीज फाइलची, म्हणजे कुणाकुणाच्या कीला आत सोडायचं त्या यादीची. एका दवाखान्याचा सर्व्हर आमच्याकडे आला, तेव्हा रूटच्या त्या फाइलमध्ये एका ओळीच्या शेवटी आधीच्या व्हेंडरकडून केव्हाच निघून गेलेल्या तंत्रज्ञाचं नाव होतं. पेशंटच्या नोंदी असलेल्या मशीनची वाट त्याच्यासाठी तोवर उघडीच होती. पासवर्ड कितीदा बदलला असता तरी ती बंद झाली नसती. प्रत्येक युजरची, रूटचीही, ही फाइल ओळीने वाचा. मालक सांगता येत नाही ती की काढा. माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याची की जायला हवी.

शेवटचं काम लॉगचं. सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची आहे. उबंटूचं लॉगरोटेट (जुने लॉग काढून टाकणारं साधन) मुळात चारच आठवड्यांचे लॉग ठेवतं. तिथला ४ चा आकडा २६ करा आणि रोजची एक प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवा, कारण आत शिरलेला माणूस पहिल्यांदा लॉगच पुसतो.