बंद झालेली मध्यम आकाराची एसयूव्ही सेकंड-हँड घेताय? या चुका टाळा

कंपनीने एखादं मॉडेल बंद केलं की त्याच्या जुन्या गाड्यांचे भाव पडतात आणि सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हातसुद्धा लावू नका, उद्या स्क्रूदेखील मिळणार नाही. दुसरा म्हणतो, एवढी मोठी गाडी एवढ्या कमी पैशांत पुन्हा मिळायची नाही. दोघांनीही गाडी पाहिलेली नसते, फक्त ती बंद झाल्याची बातमी वाचलेली असते.

अशी गाडी तपासताना मी मनातल्या मनात तिचे दोन ढीग करतो. एका ढिगात, जे भाग इतर चालू मॉडेलांतही बसतात ते: इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, बेअरिंग, सेन्सर. दुसऱ्यात, जे फक्त याच गाडीसाठी बनले आणि आता बनत नाहीत ते. या दुसऱ्या ढिगाला मी पोरके भाग म्हणतो. पुढच्या बहुतेक चुका हा ढीग न मोजल्यामुळे होतात.

चूक पहिली: का बंद झाली, हे न विचारणं

'बंद' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपतात. कधी मॉडेल जातं पण त्याच कंपनीचं नवं मॉडेल त्याच्या जागी येतं. महिंद्रा एक्सयूव्ही५०० ही २०११ साली आली, २०२१ मध्ये एक्सयूव्ही७०० ने तिची जागा घेतली. कंपनी, सर्व्हिस सेंटर, मेकॅनिक सगळे जागेवरच राहिले. कधी मॉडेल दीर्घकाळ चालून थांबतं. फोर्ड एज २००७ मॉडेल-वर्षापासून (कंपनी गाडीला देते ते वर्ष, कॅलेंडरच्या वर्षाहून ते वेगळं असू शकतं) २०२४ पर्यंत बनली, त्यामुळे तिच्या गाड्या आणि भाग दोन्ही भरपूर आहेत. आणि कधी कंपनीच बुडते.

या तिसऱ्या प्रकाराचं, स्वीडनच्या साब कंपनीच्या ९-४एक्सइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. २०११ मध्ये जनरल मोटर्सने ती मेक्सिकोतल्या कारखान्यात बनवली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात साबने दिवाळखोरी जाहीर केली. हजारसुद्धा गाड्या बनल्या नाहीत. ऐकायला भयंकर वाटतं. पण या गाडीच्या पोटात कॅडिलॅक एसआरएक्स आहे. इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक यांची कामं एसआरएक्स ओळखणारा मेकॅनिक करू शकतो. बंपर किंवा टेललॅम्प फुटला की मात्र जगभर शोध सुरू होतो. म्हणजे लोक ज्या इंजिनाला घाबरतात ते दुरुस्त होतं, आणि ज्याचा कुणी विचारच करत नाही त्या लाल प्लास्टिकच्या तुकड्यावाचून गाडी उभी राहते.

चूक दुसरी: इंजिनाची चौकशी करणं, काचेची न करणं

पोरक्या भागांची यादी जवळपास ठरलेली असते. हेडलॅम्प आणि टेललॅम्प, बंपर, फेंडर, दारांची रबरं, डॅशबोर्डचं प्लास्टिक, पुढची काच, मधली स्क्रीन आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूलसारखे (दिवे, कुलपं, काचा सांभाळणारे) इलेक्ट्रॉनिक डबे. नव्या गाड्यांत एलईडी हेडलॅम्प बऱ्याचदा बंदिस्त असतो. आतला एक दिवा गेला तरी अख्खी जोडणी बदलावी लागते. पुढच्या काचेमागे कॅमेरा असेल तर काच बसवून भागत नाही, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करावं लागतं. मॉड्यूलचं दुखणं वेगळंच. अनेक गाड्यांत ते चेसिस नंबरशी बांधलेलं असतं, त्यामुळे भंगारातल्या गाडीतून काढलेलं मॉड्यूल प्रोग्रॅमिंगशिवाय कामच करत नाही.

'कायद्याने दहा वर्षं सुटे भाग द्यावेच लागतात' हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी हमखास येतं. जगभर सरसकट लागू असा कोणताही नियम नाही. काही ठिकाणी काही मुदती आहेत, बरंच काही कंपनीच्या मर्जीवर आहे.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी घरबसल्या एक काम करा. उजवा हेडलॅम्प, टेललॅम्प, पुढची काच, पुढचा बंपर, दाराचं रबर, मधली स्क्रीन, एक एअर सस्पेन्शन किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह शॉक असल्यास तो, अशा सहा-सात भागांचे भाग क्रमांक काढा आणि दोन-तीन विक्रेत्यांना विचारा. किमतीपेक्षा दिवस विचारा. 'आहे' आणि 'मागवून देतो' यांत कधीकधी तीन महिन्यांचं अंतर असतं. जुना क्रमांक रद्द होऊन नवा आलेला असतो, तेव्हा 'हा नंबर बंद आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका; त्याच्या जागी कोणता आला ते विचारा.

गाडीची भावंडंही शोधा. डॉज जर्नी युरोपात २०११ पासून काही वर्षं फियाट फ्रीमाँट या नावाने विकली गेली. गाडी तीच, बिल्ला वेगळा. एका नावाखाली न मिळणारा भाग दुसऱ्या नावाखाली मिळून जातो. यात एक मेख आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशातला हेडलॅम्प उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी चालत नाही, कारण प्रकाशाचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बसतो तंतोतंत, म्हणूनच फसायला होतं.

विम्याची बाजूही इथूनच निघते. गाडीची किंमत पडलेली आणि भागांची चढलेली असली की मध्यम टकरीतही दुरुस्तीचा खर्च गाडीच्या मोलाजवळ जातो, आणि विमा कंपनी तिला 'टोटल लॉस' ठरवून मोकळी होते.

चूक तिसरी: नावाला भुलणं

टोयोटा व्हेन्झा घ्या. २०१५ पर्यंतची पहिली व्हेन्झा ही कॅमरीच्या अंगाने बनलेली पेट्रोल गाडी. अमेरिकेतली २०२१ मॉडेल-वर्षापासून २०२४ पर्यंतची व्हेन्झा म्हणजे जपानमधली टोयोटा हॅरियर, आणि तीही फक्त हायब्रिड. नाव सोडलं तर दोघींत नातं नाही. पहिलीबद्दलचे चांगले अनुभव वाचून दुसरी घेणं म्हणजे मोठ्या भावाचं प्रगतिपुस्तक बघून धाकट्याला पास करणं.

एकाच पिढीतही वर्षावर्षांत फरक असतो. दुसऱ्या पिढीच्या फोर्ड एजमध्ये २०१५ ते २०१८ च्या २.० लिटर टर्बो इंजिनाच्या ब्लॉकची रचना अशी, की काही गाड्यांत कूलंट सिलिंडरमध्ये शिरतो. २०१९ पासून या इंजिनाचा ब्लॉक बदलला. जुन्या ३.५ लिटर व्ही६ चं दुखणं निराळं. त्यात वॉटर पंप इंजिनाच्या आत, टायमिंग चेनवर (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणाऱ्या साखळीवर) चालतो. सील गेलं तर कूलंट अल्टरनेटरच्या मागच्या छिद्रातून झिरपतो किंवा थेट ऑइलमध्ये उतरतो. इतर गाड्यांत अर्ध्या दिवसाचं असलेलं हे काम इथे टायमिंग कव्हर उघडल्याशिवाय होत नाही. माझदा सीएक्स-७ मध्ये २.३ लिटर टर्बोची टायमिंग चेन सैल होण्याची ख्याती आहे, पण २०१० पासून काही बाजारांत आलेल्या साध्या २.५ लिटर इंजिनात टर्बोच नाही. 'सीएक्स-७ कशी आहे?' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

जाहिरातीतलं साल बऱ्याचदा नोंदणीचं असतं, बनावटीचं नव्हे. सतरा अक्षरी चेसिस नंबरातलं दहावं अक्षर बऱ्याच कंपन्यांत मॉडेल-वर्ष सांगतं: जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०. मॉडेल बंद पडायच्या सुमारास गाड्या शोरूममध्ये वर्षभर पडून राहतात, त्यामुळे इथे हा फरक नेहमीपेक्षा जास्त सापडतो.

चूक चौथी: ऑल-व्हील ड्राइव्हला फुकटची भेट समजणं

अशा एसयूव्ही बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात, आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारा एक छोटा गिअरचा डबा गिअरबॉक्सला चिकटून बसलेला असतो. त्याला पॉवर ट्रान्सफर युनिट म्हणतात. यात ऑइल जेमतेम अर्धा-एक लिटर, जागा बऱ्याचदा गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला लागून, आणि माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं की हे ऑइल 'आयुष्यभरासाठी' आहे. कुणाच्या आयुष्यभरासाठी, हे लिहिलेलं नसतं. ते ऑइल भाजून डांबरासारखं घट्ट होतं, सील गळतं, मग गिअर. सर्व्हिसच्या कागदांत या ऑइलचा उल्लेख आहे का, हा मी विचारतो तो पहिला प्रश्न. बहुतेक मालकांना असा डबा आहे हेच माहीत नसतं.

मग चारही टायर बघा. कंपनी एक आहे का, झीज सारखी आहे का? दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर असतील तर चाकांचा घेर वेगळा होतो आणि मधला क्लच सतत घासत राहतो. टायरच्या खाचांच्या खोलीतला फरक साधारण दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्काही असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. रिकाम्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. अडखळणं, थरथर किंवा खालून घरघर आली तर चाकांचा जोर नीट सुटत नाहीये. स्टेअरिंग वळवल्यावर फक्त टकटक येत असेल तर बहुधा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा), आणि ते किरकोळ काम आहे.

चूक पाचवी: गरम इंजिनाची गाडी बघणं

'तुम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवतो' असं विकणारा म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे ऐकू येतं ते नंतर तासभर चालवूनही ऐकू येत नाही. क्षणभराची खडखड ऑइल वर चढेपर्यंतची असू शकते. ती लांबत गेली तर टायमिंग चेनचा विचार करा. पांढरा धूर हवेतल्या थंडीने दिसतो आणि विरतो. इंजिन गरम झाल्यावरही तो राहिला, वास गोडसर असला आणि कूलंटची टाकी खाली गेलेली असली तर कूलंट जळतोय. काही मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवून मग अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निळसर धूर आला तर टर्बोचं सील तपासायला हवं. ऑइलच्या झाकणाखाली मळकट साय दिसली तरी लगेच घाबरू नका, फक्त जवळच्या फेऱ्यांच्या गाडीत ओलाव्याने ती साठते. डिपस्टिकवरही (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ती दिसली तर मात्र निघा.

डिझेल असेल तर डिपस्टिकचा दुसरा अर्थ बघा. ऑइल कमी नसून खुणेच्या वर असेल, तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साफ करण्याच्या अर्धवट प्रयत्नांत डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत वाढलेल्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं.

आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) न्याच. डॅशबोर्डवर दिवा नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. काल संध्याकाळी दोषाचा कोड पुसलेला असू शकतो. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' नावाची यादी असते. गाडीने आपल्या कोणत्या प्रणाली तपासून पूर्ण केल्या हे ती सांगते, आणि कोड पुसले किंवा बॅटरी काढली की ती रिकामी होते. भरायला वेगवेगळ्या वेगाने काही दिवस गाडी चालवावी लागते. बऱ्याच रकान्यांत 'अपूर्ण' दिसलं तर बॅटरी कधी काढली होती ते विचारा, आणि आठवड्याने पुन्हा स्कॅन करू असं सुचवा. उत्तरापेक्षा चेहरा बघा.

राहिलेल्या लहान चुका

मॉडेल बंद झालं म्हणजे रिकॉल (दोष सापडल्यावर कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) संपले, असं नाही. ताकाताच्या एअरबॅगचा रिकॉल कोट्यवधी गाड्यांना लागला, आणि ताकाता कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेल्यावरही गाडी बनवणाऱ्या कंपन्या त्या एअरबॅग फुकट बदलून देत राहिल्या. चेसिस नंबर टाकून शिल्लक रिकॉल बघायला दोन मिनिटं लागतात.

मोबाइल अ‍ॅप, दूरवरून इंजिन सुरू करणं, थेट नकाशे यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी नेटवर्क बंद झालं तेव्हा अनेक धडधाकट गाड्यांतल्या या सोयी एका रात्रीत मेल्या. स्क्रीनवर मागचा कॅमेरा दिसतो ना आणि एसीचं नियंत्रण चालतं ना, ते बघा.

सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी सलग बदल करणारा) गिअरबॉक्स असेल तर चढावर, इंजिन गरम असताना चालवा. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी मागे रेंगाळते, किंवा कमी वेगात सतत थरथर येते, तर भाव करत बसू नका.

भाव ठरवताना बहुतेक जण 'इतर लोक काय मागतात' बघतात. मी पोरक्या भागांची ती यादी काढतो, त्यातले एक हेडलॅम्प आणि एक स्क्रीन माझ्या काळात नक्की जाणार असं धरतो आणि तेवढे वजा करतो. विकणाऱ्याला हे पटत नाही. पण ही गाडी पुन्हा विकायला मी निघेन तेव्हा समोरचाही हेच करणार आहे.

घेतलीच, तर पहिल्या आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, पॉवर ट्रान्सफर युनिट आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड बदलून टाका. तारखा वहीत लिहा. आणि त्याच मॉडेलची ठोकलेली गाडी भंगारात दिसली तर दोन्ही टेललॅम्प उचलून आणा. माझ्या माळ्यावर एक जोडी गेली चार वर्षं पडून आहे, घरचे हसतात.